संगणकासाठी स्वतंत्र डॅक घ्यावा की आधी हेडफोन बदलावेत?

स्वरशोधक

नमस्कार. जाणकारांचे मत हवे आहे, म्हणून परिस्थिती जरा सविस्तर लिहितो. माझ्याकडे आवाज-रोधन करणारे, कान पूर्ण झाकणारे ब्लूटूथ हेडफोन आहेत आणि ते मी डेस्कटॉपला जोडून वापरतो. नुसती गाणी ऐकताना माझी काही तक्रार नसते. परंतु गेम खेळताना सोबत्यांशी बोलण्यासाठी माइक सुरू केला की त्याच क्षणी सगळा आवाज दबका आणि जुन्या दूरध्वनीवरून आल्यासारखा होतो, डावे-उजवे कळेनासे होते. माइक बंद केला की सारे पूर्ववत. शिवाय पडद्यावर गोळी सुटलेली दिसते आणि तिचा आवाज किंचित मागाहून येतो, हेही आता सतत जाणवू लागले आहे.

यावर उपाय म्हणून जुने तारेचे हेडफोन कॅबिनेटच्या पुढच्या जॅकला लावून पाहिले. उशीर गेला, पण शांत प्रसंगांत बारीक किरकिर ऐकू येते आणि माउस हलवला किंवा ग्राफिक्स कार्डावर ताण आला की तिचा सूर बदलतो.

बरेच वाचन करूनही माझा निर्णय होत नाही. एक विचार असा आहे की ३२ बिट आणि ३८४ किलोहर्ट्झपर्यंत जाणारा स्वतंत्र डॅक (अंकी ध्वनीचे अ‍ॅनालॉग संकेतात रूपांतर करणारे यंत्र) घ्यावा, त्याला जोडीचा अँप्लिफायर घ्यावा आणि गाणीही हाय-रिझोल्यूशन (सीडीपेक्षा जास्त बिट व किलोहर्ट्झच्या) स्वरूपातच ऐकावीत. दुसरा असा की ७.१ सराउंड देणारा गेमिंग हेडसेट घेऊन मोकळे व्हावे. तिसरा असा की सगळा खर्च चांगल्या तारेच्या हेडफोनवर करावा आणि बाकीचे नंतर पाहावे. यांपैकी कानाला खरोखर जाणवेल असा फरक कशाने पडेल? मी गाणी पुष्कळ ऐकतो, त्यामुळे केवळ गेमपुरता उपाय मला नको आहे.

तरंगलांबी

आपण सांगितलेल्या तीन तक्रारींची कारणे तीन वेगळ्या ठिकाणी आहेत आणि त्यांपैकी एकाचाही ३८४ किलोहर्ट्झशी संबंध नाही. म्हणून आधी कारणे पाहू.

माइक सुरू केल्यावर आवाज बिघडतो तो ब्लूटूथच्या रचनेमुळे. गाणी ऐकताना संगणक आणि हेडफोन ज्या प्रोफाइलवर (ठरलेल्या पद्धतीवर) बोलत असतात, त्या एटूडीपीमध्ये चांगल्या दर्जाचा स्टिरिओ आवाज फक्त एका दिशेने जातो. उलट दिशेने माइकचा आवाज आणण्याची सोय त्यात नाही. माइकची गरज पडताच संगणक हँड्स-फ्री प्रोफाइलकडे वळतो, जे मुळात फोनवरील संभाषणासाठी बनवलेले आहे. तिथे जुन्या सीव्हीएसडी कोडेकचा (आवाज आकुंचित करण्याच्या पद्धतीचा) सॅम्पलिंग रेट, म्हणजे दर सेकंदाला घेतलेल्या नमुन्यांची संख्या, ८ किलोहर्ट्झ आणि त्यानंतरच्या एमएसबीसीचा १६ किलोहर्ट्झ असतो, आणि दोन्ही मोनो असतात. सॅम्पलिंग रेटच्या निम्म्यापलीकडची वारंवारता टिकत नाही, त्यामुळे पहिल्यात ४ आणि दुसऱ्यात ८ किलोहर्ट्झच्या वरचे सर्व काही नाहीसे होते. गप्पांसाठी वापरल्या जाणाऱ्या ॲपला यात दोष देता येत नाही. ती बहुधा ओपस कोडेक वापरतात, जो २०१२ साली मानक म्हणून स्वीकारला गेला आणि जो पूर्ण श्राव्य पट्टा सहज पेलतो. अडथळा शेवटच्या बिनतारी टप्प्यात आहे. ब्लूटूथ एलई ऑडिओ आणि त्यातला एलसी३ कोडेक याच दुखण्यावर औषध म्हणून आले आहेत, पण त्यांचा उपयोग व्हायला हेडफोन, संगणकातील ब्लूटूथ आणि ऑपरेटिंग सिस्टीम या तिघांचाही पाठिंबा लागतो.

यावर आजच करता येण्याजोगा आणि काहीही विकत न घेता होणारा उपाय असा आहे की संगणकाच्या सेटिंगमध्ये जाऊन त्या हेडफोनची हँड्स-फ्री सेवा बंद करावी आणि माइक म्हणून वेबकॅमचा किंवा दुसरा कोणताही वेगळा माइक निवडावा. मग हेडफोन एटूडीपीवरच राहतात आणि बोलतानाही स्टिरिओ टिकतो.

उशीर मात्र त्याने जाणार नाही. ब्लूटूथवर आवाज आधी आकुंचित होतो, मग तुकड्यांनी पाठवला जातो, आणि वाटेत एखादा तुकडा हरवला तरी गाणे तुटू नये म्हणून हेडफोन काही साठा हाताशी ठेवतात. हे सगळे मिळून १०० ते ३०० मिलिसेकंद सहज लागतात. सेकंदाला ६० चौकटी दाखवणाऱ्या गेममध्ये एक चौकट सुमारे १६.७ मिलिसेकंदांची असते, म्हणजे १५० मिलिसेकंदांचा उशीर हा नऊ चौकटींचा उशीर झाला. चित्रपट पाहताना प्लेअर चित्रच तेवढे मागे ढकलतो, म्हणून तिथे तो जाणवत नाही. गेममध्ये पुढच्या क्षणी काय होणार हे ठाऊक नसल्याने चित्र थांबवून ठेवणे शक्य नसते. स्वतःचा यूएसबी रिसीव्हर घेऊन येणारे २.४ गिगाहर्ट्झचे गेमिंग हेडसेट वेगळी पद्धत वापरतात आणि हा उशीर दोन अंकी मिलिसेकंदांवर आणतात. तार लावली की प्रश्नच उरत नाही.

किरकिर ही पुढच्या जॅकपर्यंत जाणाऱ्या वायरची करामत आहे. मदरबोर्डवर ध्वनी अ‍ॅनालॉग होतो आणि मग ती बारीक वायर ग्राफिक्स कार्ड व वीजपुरवठ्याच्या शेजारून पुढे नेली जाते. वाटेत ती विद्युत-चुंबकीय गोंगाट गोळा करते. मागच्या जॅकला जोडून पाहा, कित्येकदा तेवढ्यानेच काम होते. तरीही राहिली तर अंगठ्याएवढा यूएसबी डॅक पुरतो, कारण मग अ‍ॅनालॉग रूपांतर कॅबिनेटच्या बाहेर होते. डॅक घेण्याचे हे अगदी योग्य कारण आहे. बिट आणि किलोहर्ट्झ हे मात्र योग्य कारण नाही, आणि इथे मी थोडा जास्त वेळ थांबणार आहे.

१९८२ साली बाजारात आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कचे प्रमाण १६ बिट आणि ४४.१ किलोहर्ट्झ होते. माणसाच्या कानाची मर्यादा तरुणपणी सुमारे २० किलोहर्ट्झ असते आणि वयाबरोबर ती खाली येते. नायक्विस्ट आणि शॅनन या शास्त्रज्ञांच्या सॅम्पलिंगविषयीच्या सिद्धांतानुसार ४४.१ किलोहर्ट्झच्या नमुन्यांतून २२.०५ किलोहर्ट्झच्या आतली प्रत्येक लहर पूर्णपणे परत मिळते. 'जवळपास तशी' नव्हे, तर तशीच. जास्त नमुने घेतल्याने लहर 'गुळगुळीत' होते हा समज पायऱ्यापायऱ्यांच्या चित्रांमुळे पसरला आहे. डॅकमधून बाहेर पडणाऱ्या संकेतात त्या पायऱ्या नसतात, कारण फिल्टर त्या काढून टाकतो. बिटांचे म्हणाल तर १६ बिटांत सुमारे ९६ डेसिबलची गतिक मर्यादा (सर्वांत मोठ्या आणि सर्वांत क्षीण आवाजातले अंतर) मिळते. शांत खोलीतला गोंगाट ३० डेसिबलच्या आसपास असतो. त्यावर ९६ मिळवले तर १२६ डेसिबल होतात, जिथे कान दुखू लागतात. ३२ बिट हा आकडा तर फाइलच्या डब्याचा आकार आहे. चांगल्यात चांगल्या डॅकचा स्वतःचा गोंगाटच २०-२१ बिटांच्या पातळीवर असतो, त्यामुळे उरलेले बिट त्या गोंगाटाखाली बुडालेले असतात.

याउलट हेडफोन ही यांत्रिक वस्तू आहे. पडदा हलतो, हवा हलते, कानाच्या पाळीवर आदळते, इअरपॅड नीट टेकला नाही तर बास निसटतो. दोन चांगल्या डॅकमधला फरक श्राव्य पट्ट्यात डेसिबलच्या दशांशात मोजावा लागतो, आणि दोन नावाजलेल्या हेडफोनमधला फरक एखाद्या पट्ट्यात ५ ते १० डेसिबल असू शकतो. म्हणून तिसरा पर्याय निवडा. फक्त एक लक्षात ठेवा की महाग म्हणजे चांगले असे इथे चालत नाही. येरून ब्रीबार्ट यांनी २०१७ साली २८३ हेडफोनची मापे तपासली आणि वारंवारता-प्रतिसाद (कोणती वारंवारता किती मोठी वाजते ते) व किंमत यांच्यात संबंध आढळला नाही. शॉन ऑलिव्ह, टॉड वेल्टी आणि हार्मन या ध्वनी-उपकरण कंपनीतील त्यांच्या सहकाऱ्यांनी श्रोत्यांना प्रत्यक्ष ऐकवून, बहुसंख्यांना कोणता प्रतिसाद आवडतो हे शोधले; चांगल्या खोलीत ठेवलेल्या चांगल्या स्पीकरांचा आवाज कानापाशी जसा पोहोचतो, त्याच्या जवळ जाणारी ती वक्ररेषा आहे. हेडफोन निवडताना जाहिरातीऐवजी हा आलेख पाहावा असे माझे ठाम मत आहे.

शुद्धनाद

वरील उत्तरातील बहुतेक भाग मला मान्य आहे, परंतु हाय-रिझोल्यूशनचा विषय इतक्या लवकर मिटवता येत नाही असे मला वाटते.

ज्यांना या स्वरूपात काहीच तथ्य वाटत नाही ते बहुधा मेयर आणि मोरान यांच्या २००७ च्या प्रयोगाचा हवाला देतात. त्यात श्रोत्यांना उच्च दर्जाचे मूळ आणि सीडीच्या दर्जातून गाळलेले रूप यांतला फरक ओळखायचा होता आणि ५५४ पैकी २७६ वेळा उत्तर बरोबर आले, म्हणजे नाणे उडवल्यासारखेच. परंतु त्यात वापरलेल्या काही तबकड्यांचे मूळ ध्वनिमुद्रणच उच्च दर्जाचे नव्हते, असा आक्षेप नंतर घेतला गेला आणि तो गंभीर आहे. जोशुआ राइस यांनी २०१६ साली १८ प्रयोगांतील साडेबारा हजारांहून अधिक चाचण्या एकत्र करून पाहिल्या, तेव्हा बरोबर उत्तरांचे प्रमाण ५२.३ टक्के निघाले आणि ज्यांना आधी सराव दिला होता अशांत ते सुमारे ६२ टक्क्यांपर्यंत गेले. हा फरक लहान आहे, पण शून्य नाही.

दुसरे असे की २४ बिटांचा उपयोग केवळ शेवटच्या श्रोत्यापुरता पाहू नये. ध्वनिमुद्रण करताना गायक अचानक किती वर जाईल हे माहीत नसते, म्हणून पातळी खाली ठेवावी लागते आणि तेव्हा खालचे बिट हाताशी असणे मोलाचे ठरते. संगणकात आवाज कमी-जास्त करताना आणि इक्वलायझर लावताना जे गणित होते त्यालाही ही जागा लागते. मी घरी तंबोऱ्याचे आणि कंठसंगीताचे मुद्रण करतो. जवारीतून उठणारे वरचे स्वर मुद्रणाच्या टप्प्यावर गोंगाटात हरवले तर पुढे कोणतेही यंत्र ते परत आणू शकत नाही.

आणि एक अनुभव सांगतो, ज्याची दखल घ्यावी अशी विनंती आहे. एकाच गाण्याची हाय-रिझोल्यूशन आवृत्ती आणि साधी आवृत्ती मी शेजारी ठेवून ऐकली आहे आणि कित्येकदा पहिली स्पष्टपणे अधिक मोकळी, अधिक श्वास घेणारी वाटली आहे. हा सारा मनाचा खेळ आहे असे मानायला मी तयार नाही.

तरंगलांबी

शुद्धनाद, मुद्रणासाठी २४ बिट हवेतच, याविषयी माझा आपल्याशी काहीच वाद नाही. राइस यांचा निष्कर्षही मी नाकारत नाही. मात्र सरासरीने शंभरातील ५२ उत्तरे बरोबर येणारा फरक आणि माइक उघडताच निम्म्याहून अधिक श्राव्य पट्टा नाहीसा होणे, या दोन गोष्टींना प्रश्नकर्त्याने सारखे महत्त्व देऊ नये एवढेच मला म्हणायचे आहे.

आपल्याला जो मोकळेपणा ऐकू आला तो खरा असू शकतो, कारण कित्येकदा त्या दोन आवृत्त्या मुळातच वेगळ्या असतात. सीडीसाठी आणि स्ट्रीमिंगसाठी तयार केलेली आवृत्ती पुष्कळदा मोठ्याने वाजावी म्हणून दाबलेली असते. तबल्याची थाप आणि तिच्यामागची शांतता यांतले अंतर त्यात कमी झालेले असते. हाय-रिझोल्यूशन म्हणून विकली जाणारी आवृत्ती एखादे वेळी पुन्हा काळजीपूर्वक मास्टर केलेली (अंतिम रूप दिलेली) असते. मग आपण ऐकतो तो मास्टरिंगचा फरक, सॅम्पलिंग रेटचा नव्हे. याची खातरजमा करणे अवघड नाही. तीच हाय-रिझोल्यूशन फाइल घ्यावी, तिच्यातूनच चांगल्या प्रोग्रॅमने ४४.१ किलोहर्ट्झ आणि १६ बिटांची प्रत बनवावी, आणि फूबार२००० या प्लेअरमधील एबीएक्स साधनाने दोन्ही ऐकाव्यात. साधन कोणती फाइल वाजते आहे हे लपवते आणि आपण ओळखायचे असते. १६ पैकी १२ उत्तरे बरोबर आली तर ती केवळ योगायोगाने येण्याची शक्यता ४ टक्क्यांहून कमी असते.

डॅक आणि अँप्लिफायर यांची तुलना करताना त्याहून मोठा सापळा आवाजाच्या पातळीचा आहे. दोन यंत्रांत अर्ध्या डेसिबलचा फरक असला तरी कानाला 'हे मोठे आहे' असे वाटत नाही, 'हे अधिक स्पष्ट आहे' असे वाटते. म्हणून व्होल्टमीटरने दोन्हींची पातळी ०.१ डेसिबलच्या आत जुळवल्याखेरीज केलेल्या तुलनेला मी किंमत देत नाही. अनेक परीक्षणे वाचताना मला याचे दुःख होते, कारण लिहिणारा प्रामाणिक असतो, ऐकलेलेही खरे असते, आणि निष्कर्ष मात्र चुकीच्या वस्तूच्या नावावर जमा होतो.

चौकटवेग

मी प्रामुख्याने गेम खेळते, त्यामुळे ७.१ च्या पर्यायाबद्दल लिहिते, कारण त्यावर अजून कोणी बोललेले नाही.

आपल्याला दोनच कान आहेत आणि हेडफोनलाही दोनच बाजू. बहुतेक '७.१' हेडसेटमध्ये आठ ड्रायव्हर (आवाज काढणारे पडदे) नसतात. संगणकावरील सॉफ्टवेअर सात दिशांचे आवाज घेऊन त्यांचे दोन वाहिन्यांत मिश्रण करते. आवाज कुठून आला हे आपण ओळखतो ते प्रामुख्याने तीन खुणांवरून. एका कानाला तो दुसऱ्यापेक्षा किंचित आधी पोहोचतो, आणि हा फरक जास्तीत जास्त ०.६ ते ०.७ मिलिसेकंद असतो. डोके आड आल्याने वरच्या वारंवारता दूरच्या कानात क्षीण होतात. आणि कानाच्या पाळीच्या वळणांमुळे समोरच्या, मागच्या, वरच्या आवाजाचा रंग वेगवेगळा होतो. या तिन्हींचे गणिती रूप म्हणजे एचआरटीएफ. ते साध्या स्टिरिओ हेडफोनवर उत्तम चालते, त्यासाठी खास हेडसेट लागत नाही.

ही कल्पना नवीन नाही. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात ऑरियल कंपनीच्या एथ्रीडी तंत्राने संगणकांवर हे करून दाखवले होते. पुढे विंडोज व्हिस्टामध्ये ध्वनीची रचना बदलली, साउंड कार्डांना थेट मिळणारे हार्डवेअरचे काम थांबले आणि गेममधला दिशांचा आवाज कित्येक वर्षे मागे पडला. मला ही संगणकीय खेळांच्या इतिहासातली मोठी हानी वाटते. चित्राच्या बाबतीत आपण दर वर्षी पुढे जात होतो आणि आवाजाच्या बाबतीत हाती असलेले सोडून दिले होते. २०१६ मध्ये काउंटर-स्ट्राइकमध्ये एचआरटीएफचा पर्याय आला, २०१७ मध्ये व्हॉल्व्ह कंपनीने स्टीम ऑडिओ हे ध्वनी-साधन इतर निर्मात्यांना खुले केले, आणि २०२० मध्ये आलेल्या प्लेस्टेशन ५ मध्ये सोनीने त्रिमितीय आवाजासाठी वेगळे हार्डवेअर ठेवले. आता परिस्थिती पुष्कळ सुधारली आहे.

व्यवहारातली काळजी एवढीच की गेममध्ये स्वतःचा एचआरटीएफ सुरू असेल तर हेडसेटचे ७.१, विंडोज सोनिक किंवा डॉल्बीचे सॉफ्टवेअर, हे सर्व बंद ठेवावे. एकावर एक दोनदा प्रक्रिया झाली की पावलांची दिशा पुसट होते आणि आवाज न्हाणीघरातून आल्यासारखा घुमू लागतो. गाण्यांसाठी तर ते नेहमीच बंद असावे. हेडफोन निवडायचे तर मागून उघडे असलेले घ्यावेत. त्यांत आवाज डोक्याबाहेर पसरल्यासारखा वाटतो आणि दीर्घकाळ घातले तरी कान कोंदटत नाहीत. शेजारी कोणी झोपत असेल तर मात्र ते उपयोगाचे नाहीत, कारण सगळा आवाज बाहेर ऐकू जातो.

स्वरशोधक

सर्वांचे मनापासून आभार. हँड्स-फ्री सेवा बंद करून वेबकॅमचा माइक निवडला आणि बोलताना आवाज खरोखरच टिकला. तारेचे हेडफोन मागच्या जॅकला लावल्यावर किरकिर बरीच कमी झाली, पण पूर्ण गेली नाही, त्यामुळे छोटा यूएसबी डॅक घेण्याचे नक्की केले आहे. माझी खोली स्वतंत्र असल्याने मागून उघडे हेडफोन चालतील.

आता अडचण अशी की ज्यांची सर्वांत जास्त शिफारस होते त्या उघड्या हेडफोनांपैकी काही २५० आणि ३०० ओहमचे आहेत, आणि त्यांना अँप्लिफायरखेरीज 'जीव येत नाही' असे जागोजागी लिहिलेले आहे. छोट्या डॅकवर ते चालतील का? तसेच इक्वलायझर लावायचा तर तो कुठे आणि कसा लावावा? वेबकॅमच्या माइकवर सोबत्यांना माझा आवाज लांबून येतो असे ते सांगतात, त्याचेही काही करावे लागेल.

ओहममापी

पहिल्या प्रश्नाचे उत्तर नुसत्या ओहमच्या आकड्यावरून देता येत नाही. संवेदनशीलताही पाहावी लागते, आणि ती दोन प्रकारे लिहिलेली असल्याने वाचणाऱ्याचा गोंधळ होतो. काही उत्पादक १ मिलिवॉटला किती डेसिबल ते लिहितात, काही १ व्होल्टला किती ते लिहितात. तुलना करण्यापूर्वी दोन्ही एकाच मापात आणावीत.

समजा ३०० ओहमच्या हेडफोनची संवेदनशीलता १ व्होल्टला ९७ डेसिबल आहे आणि आपला छोटा डॅक जास्तीत जास्त १ व्होल्ट देतो. म्हणजे सर्वोच्च शिखर ९७ डेसिबलचे मिळेल. दाबून मास्टर केलेल्या गाण्यांना आणि गेमला हे भरपूर आहे. परंतु ज्या मुद्रणात सरासरी पातळी शिखरापेक्षा २० डेसिबल किंवा त्याहून खाली असते, जसे संथ आलापी किंवा वाद्यवृंद, तिथे सरासरी ७७ च्या आसपास राहील आणि आवाजाची कळ शेवटपर्यंत फिरवावी लागेल. इक्वलायझरने बास वाढवला तर आणखी जागा जाईल. २ व्होल्ट देणारा डॅक घेतला तर ६ डेसिबल वाढतात आणि बहुतेकांची गरज भागते. म्हणून मोठा अँप्लिफायर आधी घेऊ नका. २ व्होल्टचा डॅक घ्या, ऐका, आणि कळ टोकाला जाऊनही आवाज अपुरा वाटला तरच पुढचा विचार करा. 'जीव येत नाही' याचा अर्थ बहुतेक वेळा आवाज पुरेसा मोठा होत नाही एवढाच असतो. प्लॅनर, म्हणजे सपाट पडद्याच्या, प्रकारचे हेडफोन याला अपवाद ठरू शकतात; त्यांचा ओहमचा आकडा लहान असतो, पण काहींची संवेदनशीलता इतकी कमी असते की त्यांना खरोखर जास्त विद्युतप्रवाह लागतो.

याच विषयातली एक कमी बोलली जाणारी बाजू म्हणजे डॅकचा स्वतःचा आउटपुट इम्पीडन्स (ओहममध्ये मोजला जाणारा विद्युत अवरोध). तो हेडफोनच्या इम्पीडन्सच्या आठव्या हिश्शापेक्षा कमी असावा असा ढोबळ नियम आहे. काही मदरबोर्डांच्या पुढच्या जॅकवर तो बराच जास्त असतो, आणि ज्या हेडफोनांचा इम्पीडन्स बासच्या पट्ट्यात चढतो त्यांचा बास तिथे फुगतो. एकाच हेडफोनबद्दल दोन माणसांची मते वेगळी होण्यामागे कधी कधी एवढेच कारण असते.

इक्वलायझरसाठी विंडोजवर इक्वलायझर एपीओ आणि लिनक्सवर ईझीइफेक्ट्स ही दोन्ही विनामूल्य साधने उत्तम आहेत. ऑटोइक्यू या मुक्त प्रकल्पात हजारो हेडफोनांच्या मापांवरून तयार केलेल्या दुरुस्त्या मिळतात; आपल्या हेडफोनची घेऊन भरावी. दोन गोष्टी सांभाळाव्यात. ज्या पट्ट्यात सर्वांत जास्त वाढ केली असेल तेवढी, म्हणजे ६ डेसिबल वाढवले असतील तर उणे ६, प्रीॲम्पमध्ये (इक्वलायझरच्या एकूण पातळीच्या कळीत) घट ठेवावी. नाहीतर संकेताची टोके कापली जातात आणि आवाज फाटतो. दुसरे म्हणजे प्लेअरमध्ये वासापी या विंडोजच्या ध्वनी-मार्गाचा एक्सक्लुझिव्ह मोड निवडला असेल तर आवाज इक्वलायझर एपीओला वळसा घालून जातो, आणि दुरुस्ती लागू झाली आहे असे समजून आपण मूळच आवाज ऐकत राहतो. ३ किलोहर्ट्झपर्यंतच्या दुरुस्त्या विश्वासाने घ्याव्यात. ८-१० किलोहर्ट्झच्या वर प्रत्येकाच्या कानाचा आकार आणि हेडफोन बसण्याची जागा यांनी माप बदलते, म्हणून तिथल्या अणकुचीदार दुरुस्त्या मी काढून टाकतो आणि ट्रेबल स्वतः ऐकून ठरवतो.

आणखी एक, जे खरेदीत मोडत नाही पण मला अतिशय महत्त्वाचे वाटते. चांगल्या हेडफोनवर विकृती कमी असल्याने आवाज किती मोठा झाला आहे हे लक्षात येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार ८० डेसिबल पातळी आठवड्याला ४० तास सुरक्षित मानली जाते, आणि ९० डेसिबलला ती मुदत ४ तासांवर येते. रात्री गेम खेळताना पावले ऐकू यावीत म्हणून आवाज वाढवण्याची सवय लागते; त्याऐवजी इक्वलायझरने २ ते ४ किलोहर्ट्झचा पट्टा दोन-तीन डेसिबलने उचलावा आणि एकूण आवाज खाली ठेवावा.

माइकचे म्हणाल तर अंतर हाच मुख्य मुद्दा आहे. वेबकॅम आपल्यापासून हातभर लांब असतो, म्हणून आपल्या आवाजाबरोबर खोलीही ऐकू जाते. हेडफोनला चिकटवता येणारा बूम माइक घेतला किंवा यूएसबी माइक बाहूवर बसवून तोंडाच्या कोपऱ्यापासून १० ते १५ सेंटिमीटरवर ठेवला तर साध्या माइकचाही आवाज जवळचा आणि भरीव येतो. तोंडाच्या अगदी समोर धरू नये, प आणि फ उच्चारताना हवेचे धक्के बसतात. आपण उघडे हेडफोन घेणार असल्याने त्यांतून गळणारा गेमचा आवाज माइकमध्ये शिरेल. त्यासाठी मुख्यतः समोरून ऐकणारा, म्हणजे कार्डिऑइड प्रकारचा माइक घ्यावा आणि गेन (माइकचा आवाज वाढवण्याचे प्रमाण) शक्य तितका कमी ठेवावा.